शंभराच्या आत

विमा कंपनीत मोटार विभागात आहे असं सांगितलं की लोक दोन गोष्टी विचारतात. क्लेम द्यायला एवढं का छळता, आणि मग वर्षाला किती कमावता? पहिल्याचं उत्तर मी देत बसते. दुसऱ्याला नुसती हसते, कारण खरं सांगितलं तर कुणाला पटत नाही. आमच्या बंगळूरच्या ऑफिसात मोटार विमा गेली कित्येक वर्षं तोट्यात चालला होता.

हिशेब अगदी साधा असतो. गाड्यांच्या हप्त्यापोटी शंभर रुपये आले, तर भरपाई, पगार, एजंटचं कमिशन, ऑफिसभाडं असं सगळं मिळून किती गेले? शंभराच्या आत गेले तर धंदा सुखाचा. आमचे कायम शंभराच्या वर जायचे. रस्त्यावर कुणी जखमी झालं, कुणी गेलं, तर त्या भरपाईला मर्यादा नसते, आणि त्या विम्याचा दर सरकार ठरवतं. गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा दर आम्ही ठरवायचा, पण तिथं शेजारची कंपनी जास्त सूट देऊन बसलेली. मग तोटा भरून कसा निघायचा? हप्ता आधी येतो, भरपाई पुढं कधीतरी जाते, मधल्या काळात त्या पैशांवर व्याज मिळतं. त्या व्याजावर आम्ही तगून होतो.

मी मूळची निपाणीची. मराठी शाळेत शिकले, पण कन्नड सक्तीचं होतं आणि मास्तर कडक होते, त्यामुळं कन्नड वाचायला, लिहायला पक्कं आलं. लग्नानंतर बंगळूरला आले त्याला वीस वर्षं होऊन गेली. ऑफिसात आम्ही नऊ जण. त्यात पोलीस ठाण्यातलं हातानं लिहिलेलं कन्नड सरळ वाचू शकणारी मी एकटी. कुणाला अक्षर लागलं नाही की कागद माझ्या टेबलावर यायचा. मला त्याचा थोडा गर्वच होता.

आमचे साहेब नागपूरचे, बदली होऊन आलेले. मनानं सरळ माणूस. गेल्या वर्षाच्या सुरुवातीला त्यांनी आम्हाला खोलीत बोलावलं आणि सांगितलं, "हे पहा, वरून स्पष्ट निरोप आहे. या वर्षी मोटारचा आकडा शंभराच्या आत आला नाही, तर हा विभाग चेन्नईला हलवतील. निम्म्यांची बदली होईल, निम्म्यांचं काय होईल ते मलाही माहीत नाही."

माझी मुलगी दहावीत होती. नवऱ्याची नोकरी बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात. चेन्नईला जाणं मला शक्यच नव्हतं.

त्या वर्षी आम्ही जेवढं काम केलं तेवढं त्याआधी कधी केलं नव्हतं. गॅरेजवाल्यांशी बसून दर ठरवून घेतले, कारण बंपरला ओरखडा आला की अख्खा बंपर बदलून बिल लावायची सवय त्यांना आम्हीच लावली होती. बोम्मसंद्र्याकडं कामगारांची ने-आण करणाऱ्या बसगाड्यांचा एक मोठा मालक होता. दर महिन्याला त्याच्या कुठल्या ना कुठल्या बसची धडक व्हायची. त्याला पुढच्या वर्षी सूट देणार नाही म्हणून सांगितलं. तो चिडला, पण मग ड्रायव्हरांच्या पाळ्या त्यानं कमी केल्या आणि धडकाही कमी झाल्या. एकाच अपघाताचे फोटो दोन गाड्यांना लावणारी टोळी आम्ही पकडली. हे सगळं रास्त होतं. आजही मला त्याचा अभिमान आहे.

आणि शेवटच्या महिन्यात आम्ही फाइली भराभर निकालात काढल्या. कागद पुरा नसेल, लायसन संपलेलं असेल, गाडीच्या फिटनेस सर्टिफिकेटची मुदत गेलेली असेल, तर क्लेम नाकारायचा. नियमानं तेही बरोबरच. पण एका दिवसात तीस-तीस फाइली बघणारं माणूस प्रत्येक कागद वाचत नसतं. मी वरची टिपणं वाचत होते आणि सही करत होते.

वर्ष संपलं. आकडा शंभराच्या आत आला, जेमतेम. साहेबांनी धारवाडी पेढे मागवले. घरी नवऱ्याला सांगताना मला रडू आलं. मुलीनं विचारलं, "आई, तुझी कंपनी पहिली आली का?"

चार महिन्यांनी मुख्य कार्यालयानं साहेबांना सांगितलं, बंगळूरनं हे कसं जमवलं ते बाकीच्या शाखांपुढं मांडा. साहेबांनी ते काम माझ्याकडं दिलं. "एखादी नमुन्याची फाइल घ्या. योग्य कारणानं क्लेम नाकारला, कागद स्वच्छ, अशी."

मला होसकोट्याची एक फाइल आठवली. बाईच्या नावावरचा मालवाहू छोटा टेम्पो. पुढच्या लॉरीनं ब्रेक मारला, टेम्पो मागून आदळला, केबिनचा चुराडा. फिटनेसची मुदत मंगळवारी संपली आणि अपघात बुधवारी. एका दिवसानं हुकलेली केस. नियम म्हणजे नियम हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण नव्हतं.

दुपारी जेवण झाल्यावर मी ती फाइल काढली. पडद्यावर लावायला एकेक कागद स्कॅन करत होते. पोलीस ठाण्यातल्या नोंदीची प्रत हातात आली. कन्नड, हातानं लिहिलेली, घाईची. सवयीनं वाचायला लागले आणि दुसऱ्याच ओळीत थांबले. अपघात मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता झाला असं लिहिलं होतं.

मी पुन्हा वाचलं. मंगळवार. झालं असणार ते असं: टेम्पोची मालकीण बुधवारी सकाळी आमच्या एजंटला फोन करते, एजंट तिचा इंग्रजी फॉर्म भरतो आणि अपघाताच्या तारखेच्या जागी फोनची तारीख टाकतो. नुकसान तपासणारा सर्व्हेयर फॉर्मवरून तीच तारीख उचलतो. टिपणात तीच येते. आणि खाली माझी सही. अपघात झाला तेव्हा फिटनेस चालू होतं. सात तास शिल्लक होते.

ती प्रत पहिल्या दिवसापासून फाइलमध्ये होती. अख्ख्या ऑफिसात ती वाचू शकणारी मी एकटी, आणि मी वाचली नव्हती.

फाइलमधल्या नंबरावर फोन लावला. बंद. अर्ध्या तासानं पुन्हा लावला, बंदच. क्लेम नाकारून पाच महिने झाले होते. केबिन गेलेला टेम्पो पाच महिने कोण ठेवतं? भंगारात विकला असेल. कर्जावर असेल तर बँकेनं ओढून नेला असेल. आणि ती बाई? फाइलमध्ये तिच्या मनगटाला प्लास्टर असल्याची नोंद होती. टेम्पो ती स्वतः चालवत होती.

घरी गेल्यावर नवरा म्हणाला, "तुझा चेहरा असा का?" मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "साहेबांना उद्या सकाळीच सांग. उशीर केलास तर तुला सांगताच येणार नाही."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत मी उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी प्रत हातात घेतली. कन्नड त्यांना येत नव्हतं, तरी बराच वेळ ते त्या कागदाकडं बघत राहिले.

"नक्की मंगळवार लिहिलंय?"

"नक्की, सर. चूक माझी आहे."

"अशा अजून किती असतील?"

"माहीत नाही. त्या महिन्यातल्या सगळ्या पुन्हा बघाव्या लागतील."

ते खुर्चीत मागं टेकले. आम्ही दोघंही एकाच गोष्टीचा विचार करत होतो. आकडा जेमतेम आत होता. अशा दहा-पंधरा निघाल्या तर तो पुन्हा शंभरावर जाणार, आणि ज्या कामगिरीचं कौतुक मांडायला निघालो होतो तीच खोटी ठरणार.

"एक करा," ते शेवटी म्हणाले, "आधी त्या बाईला शोधा. मग सगळ्या फाइली उघडा. आकड्याचं जे व्हायचं ते होईल. लोकांचे देणे दाबून आत आलेला आकडा मला नको आहे, जी."

ते मला ओरडतील अशी तयारी करून मी गेले होते. त्याऐवजी हे ऐकलं आणि टेबलावर येऊन मी आधी एजंटचा नंबर लावला.

एजंटनं काम सोडलं होतं. त्याचा पत्ता लागेना. म्हणून शनिवारी सकाळी मी बस पकडून होसकोट्याला गेले. ज्या गॅरेजमध्ये सर्व्हेयरनं टेम्पो पाहिला होता तिथं आधी गेले. गॅरेजवाला वेल्डिंग थांबवून बाहेर आला. मी नंबर सांगितला.

"ती गाडी गेली, मेडम," तो कन्नडमध्ये म्हणाला.

"गेली म्हणजे? विकली?"

"नाही हो. अक्का ओढून घेऊन गेल्या. इथं ठेवायचं भाडं कोण देणार? सरळ जा, देवळापुढं डावीकडं. नर्सरी आहे, हिरवी जाळी दिसेल."

देवळापर्यंतचा रस्ता मी जवळजवळ पळतच गेले. हिरव्या जाळीखाली गुलाबाच्या रोपांच्या रांगा होत्या. पलीकडं मोकळ्या जागेत, विटांच्या चार ढिगांवर टेकवलेला तो टेम्पो उभा होता. पुढून चेपलेला, काच नाही, दार दोरीनं बांधलेलं. पण होता. मागच्या हौद्यात कुणीतरी रोपांचे ट्रे व्यवस्थित मांडून ठेवले होते. मी तिथंच थांबले.

"काय पाहिजे?" मागून आवाज आला.

पंचेचाळीशीची बाई. साडीवर पुरुषी शर्ट, हाताला माती. उजवं मनगट किंचित वाकडं जुळलेलं. मी कोण ते सांगितलं. कंपनीचं नाव ऐकताच तिचा चेहरा बदलला.

"आता आलात? पाच महिन्यांनी?"

"तुमचा फोन लागत नव्हता, अक्का."

"नंबर बदलला मी. क्लेम नाही म्हणालात, आणि त्यानंतर आठवड्याला दोनदा तुमच्याच कंपनीचा फोन, नवीन विमा घ्या म्हणून. डोकं फिरलं माझं."

तिनं मला बसायला सांगितलं नाही. आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक घडी घातलेलं पत्र घेऊन आली.

"हे इंग्रजीत आहे. दोनदा फोन केला तर तिकडून हिंदीत म्हणाले, कारण पत्रात लिहिलंय. मला काय कळणार? तुम्हाला कन्नड येतं ना? वाचून दाखवा."

मी माझंच पत्र तिला कन्नडमध्ये वाचून दाखवलं. आपल्या अपघाताच्या दिवशी वाहनाच्या फिटनेस सर्टिफिकेटची मुदत संपलेली असल्यामुळं आपला दावा मान्य करता येत नाही. इंग्रजीत ते वाक्य किती गुळगुळीत होतं. तिच्या पुढ्यात उभं राहून तिच्या भाषेत म्हणताना प्रत्येक शब्द अडत होता.

"पण माझी गाडी तर आदल्या दिवशी लागली!" ती लगेच म्हणाली. "मंगळवारी. बुधवारी सकाळी फिटनेसला जायचं होतं मला, म्हणून तर घाईत होते."

"हो. पोलिसांच्या कागदावर मंगळवारच आहे. आमच्या फॉर्मवर चुकीची तारीख पडली. आणि तो कागद मी वाचायला हवा होता, तो वाचला नाही."

तिनं पत्राच्या तळाशी बोट ठेवलं. "ही सही तुमचीच काय?"

"माझीच."

तिनं जवळचं स्टूल पायानं माझ्याकडं सरकवलं आणि स्वतः उलट्या घातलेल्या कुंडीवर बसली.

त्या पाच महिन्यांत ती दुसऱ्याच्या नर्सरीत रोजानं कामाला जात होती. हीच ती नर्सरी. आधी ती याच मालकाची रोपं स्वतःच्या टेम्पोतून शहरात पोचवायची. मालकानं टेम्पो ठेवायला जागा दिली आणि तिलाही कामावर घेतलं. भंगारवाले दोनदा येऊन गेले होते. "इंजिन चांगलं आहे, कशाला विकू?" ती म्हणाली. "थोडे थोडे पैसे साठवत होते. दिवाळीपर्यंत केबिन बसवली असती."

मग तिनं अचानक विचारलं, "एक सांगा. माझी गाडी नाकारून तुमच्या कंपनीला किती फायदा झाला?"

"अशा फायद्यावर कंपनी चालत नाही, अक्का. खरं सांगू? गाड्यांच्या विम्यात आम्हाला बरीच वर्षं तोटाच होता."

"तोटा? मग रोज फोन करून विकता कशाला?"

मी तिला सांगितलं, हप्ते आधी येतात, भरपाई नंतर जाते, मधल्या काळात त्या पैशांवर व्याज मिळतं. ती ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे चीटीसारखं. सगळ्यांनी दर महिन्याला पैसे घालायचे, ज्याला नड त्यानं उचलायचे. सांभाळणाऱ्याला स्वल्प सुटतं."

"अगदी तसंच."

"आमच्या गल्लीतली चीटी मीच सांभाळते. नऊ वर्षं झाली. पण ज्याची पाळी त्याला मी कधी नाही म्हटलं नाही. एकदा नाही म्हटलं की पुढच्या महिन्यात कोण पैसे घालेल?"

पैशांच्या धंद्यात वीस वर्षं काढून मला जे मांडून दाखवता आलं नसतं ते तिनं कुंडीवर बसून सांगितलं. मी मान डोलावली. तिनं आतून दोन पेले चहा आणला. नवा नंबर मी लिहून घेतला, एजंटनं भरलेल्या फॉर्मऐवजी नवा फॉर्म तिच्यासमोर कन्नडमध्ये वाचून भरला. बुडलेल्या रोजगाराचं काय, हे तिनं विचारलं. ते पॉलिसीत बसत नाही, फक्त उशिराचं व्याज मिळेल, हे मी तिला स्पष्टच सांगितलं. ती म्हणाली, "सरी, चालेल. जे आहे ते द्या. पण यावेळी तुम्ही स्वतः बघा."

परतीच्या बसमध्ये मला गाढ झोप लागली. शेवटच्या थांब्यावर कंडक्टरनं उठवलं.

सोमवारपासून आम्ही त्या महिन्यात नाकारलेल्या आणि रक्कम कापून दिलेल्या सगळ्या फाइली काढल्या. कन्नड कागद मी वाचायचे, बाकीचे दोघं तारखा जुळवायचे. तारीख जुळली की खूण करून मी पुढची फाइल उघडायचे. आठवडाभर हेच चाललं. चुकलेल्या आणखी दोन केसेस निघाल्या. एकीत लायसनचं नूतनीकरण झालेलं होतं, पावती मागच्या पानाला चिकटलेली. दुसऱ्या माणसाला आम्ही अर्धी रक्कम दिली होती, ती पूर्ण द्यायला हवी होती. बाकी सगळं बरोबर होतं.

साहेबांनी तिन्ही रकमा व्याजासकट मिळवून आकडा पुन्हा काढायला लावला. मी त्यांच्या टेबलासमोर उभी होते. त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला. आकडा थोडा वर सरकला होता, पण अजून शंभराच्या आतच होता.

"म्हणजे आपण खरंच केलं होतं," मी म्हणाले.

"बसचा तो मालक, गॅरेजचे दर, ती फोटोवाली टोळी. त्यानं झालंय हे," ते म्हणाले. "बसा जरा. कॉफी मागवतो."

मुख्य कार्यालयाच्या बैठकीत बाकीच्या शाखांपुढं मी तीच फाइल मांडली, पण नाकारलेली म्हणून नाही, चुकलेली म्हणून. एक-दोघांच्या भुवया वर गेल्या. एकानं विचारलं, यानं आकड्याला काही मदत होते का? साहेबांनी उत्तर दिलं, "निदान तो आकडा दाखवताना घाम फुटत नाही." त्यानंतर प्रादेशिक भाषेतला मूळ कागद वाचल्याची वेगळी सही आमच्याकडं सक्तीची झाली. त्यामुळं माझं काम वाढलं. माझी तक्रार नाही.

टेम्पो दीड महिन्यात रस्त्यावर आला. अक्कानं फोन करून सांगितलं की केबिन नवी आहे पण रंग जरा वेगळा लागलाय, आणि ती आता रोपं थेट शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेते. मनगट थंडीत दुखतं, बाकी ठीक.

काही महिन्यांनी तिच्या विम्याच्या रिन्यूअलची वेळ आली. तिनं फोन केला. म्हणाली, "मेडम, रागावू नका. दुसरी कंपनी तुमच्यापेक्षा कमी पैशात देते म्हणते."

"कागदाचा फोटो पाठवा," मी म्हणाले.

तिनं पाठवला. मी सगळा वाचला, बारीक अक्षरातलंसुद्धा. कलमं सारखीच होती, सूट आमच्यापेक्षा जास्त. या दरात ती कंपनी तोट्यात जाणार हे मला दिसत होतं, पण तो त्यांचा प्रश्न होता.

"घ्या, अक्का," मी सांगितलं. "पॉलिसी चांगली आहे. फक्त फिटनेस मुदतीच्या आठवडाभर आधी करा."

ती मोठ्यानं हसली. मागं टेम्पोचं इंजिन चालू असल्याचा आवाज येत होता.